शेळीच्या दुधाचा साबण: दूध करपू न देता कसा करावा

शेळीच्या दुधाचा साबण बिघडतो तो बहुतेक वेळा उष्णतेने. म्हणून बाहेर पारा ४२ अंशांवर असताना हा खटाटोप करूच नका. मराठवाड्यात याचा हंगाम दिवाळीनंतर महाशिवरात्रीपर्यंत. मी सकाळी लवकर करते, लाईट जायची वेळ बघून, कारण ब्लेंडर मध्येच बंद पडला तर हाताने घोटत बसावं लागतं.

एका घाण्याचं प्रमाण असं: खोबरेल २०० ग्रॅम, शेंगदाण्याचं तेल २५० ग्रॅम, एरंडेल ५० ग्रॅम, शेळीचं दूध १८० ग्रॅम, कॉस्टिक सोडा ७३ ग्रॅम. सगळं वजनाने, दूधसुद्धा. वाटी-चमच्याचं माप देणारी कृती दिसली की ती सरळ सोडून द्या. एवढ्या तेलांचा पूर्ण साबण व्हायला साधारण ७७ ग्रॅम सोडा लागतो. आपण चार ग्रॅम कमी घेतो, म्हणजे थोडं तेल मोकळं राहतं आणि अंग कोरडं पडत नाही. तेल बदललं की सोड्याचा आकडा पुन्हा काढायचा: एक ग्रॅम खोबरेलाला ०.१८३ ग्रॅम, शेंगदाण्याच्या तेलाला ०.१३६. आपल्याकडे करडईचं तेल घरोघरी असतं, पण ते यात जास्त घालू नका. असा साबण लवकर खवट होतो आणि त्यावर नारिंगी ठिपके उठतात.

दूध घरच्या उस्मानाबादी शेळीचं असलं तर फारच छान. धाराशिव, तुळजापूर, उदगीर भागातली ही काळी शेळी दुधाला बेताचीच, पण आपल्याला लागतं पावशेराच्याही आत. दूध गाळून बर्फाच्या ट्रेमध्ये आदल्या रात्री गोठवा.

आता सोडा. धुण्याचा सोडा वेगळा, खायचा वेगळा. आपल्याला कॉस्टिकच हवा, आणि पुड्यावर दुसरं काही मिसळल्याचं लिहिलेलं नसावं. रबरी हातमोजे, डोळ्यांवर बंद चष्मा, पूर्ण बाह्यांचे कपडे, उघडी खिडकी, आणि पोरं घराबाहेर. भांडं स्टीलचंच. जर्मलच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या भगुन्यात सोडा पडला की तो भांडंच खातो आणि पेट घेणारा वायू सुटतो. अंगावर शिंतोडा उडाला तर वाहत्या पाण्याखाली निदान पंधरा मिनिटं धरा. लिंबू-व्हिनेगर चोळू नका. डोळ्यात गेला तर तसंच धुऊन लगेच दवाखाना.

सगळी गोम दुधात सोडा घालण्यात आहे. मला सगळ्यात उशिरा जमली ती हीच पायरी. कॉस्टिक ओलाव्याला लागताच उकळी आल्यासारखा तापतो आणि दुधातली साखर करपते. रंग आधी पिवळा, मग नारिंगी, मग तपकिरी होतो आणि नाकात अमोनियाचा उग्र वास चढतो. ‘कोमट दुधात सोडा विरघळवा’ असं सांगणाऱ्याने हा साबण कधी केलेला नसतो, असं मी ठामपणे म्हणते. दूध फ्रीजमधलं गार असून भागत नाही, दगडासारखं गोठलेलंच हवं.

परातीत बर्फाचं पाणी घ्या, त्यात स्टीलचं भगुनं ठेवा, भगुन्यात दुधाचे गोठलेले खडे. त्यावर सोडा चमचा-चमचा भुरभुरवा आणि हलवत राहा. आधीचा चमचा पूर्ण विरघळल्याशिवाय पुढचा नाही. सोडा दुधात जातो. सोड्यावर दूध कधीच ओतायचं नाही, ते उसळून अंगावर येतं. या कामाला अर्धा तास लागला तरी लागू द्या. मिश्रण ३० अंशांच्या वर जाऊ लागलं की थांबा आणि परातीत आणखी बर्फ टाका. शेवटी ते फिकट पिवळं आणि थोडं दाटसर होतं, कारण दुधातल्या स्निग्धाचा साबण तिथेच व्हायला लागलेला असतो. तळाशी सोड्याचा एकही कण राहता कामा नये. म्हणून ते स्टीलच्या गाळणीतूनच तेलात ओता.

तेलं आधी ३५ अंशांपर्यंत कोमट करून एकत्र केलेली असावीत. जानेवारीच्या थंडीत खोबरेल गोठतं आणि मिश्रण आळल्यासारखं वाटतं. ते आळणं खोटं. ब्लेंडर थोडा चालवा, थोडा थांबवा. मिश्रण पातळ पिठल्यासारखं झालं आणि वरून पडलेली धार क्षणभर वरच दिसली, की लगेच साच्यात ओता. कडुलिंबाचा पाला, हळद, मुलतानी माती पहिल्या घाण्यात नकोच.

साचा दुधाच्या रिकाम्या खोक्याचा, आत बटर पेपर. इथे आणखी एक चुकीचा सल्ला हमखास मिळतो: साच्यावर गोधडी गुंडाळा. साध्या साबणाला ते ठीक. दुधाच्या साबणात साखर असते, तो आतून आपोआप तापतो. गुंडाळला तर मधोमध गडद डाग पडतो किंवा वर भेग जाते. साचा झाकून फ्रीजमध्ये ठेवा, अन्नापासून वेगळा, एक दिवस.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हातमोजे घालूनच वड्या कापा. मग वाऱ्याच्या, सावलीच्या जागी वड्यांमध्ये अंतर ठेवून सहा आठवडे वाळवा. चार आठवड्यांत वापरता येतो, पण सहा आठवड्यांची वडी कडक होते आणि न्हाणीत लवकर झिजत नाही. अमोनियाचा हलका वास राहिला असेल तर तोही तोवर जातो.

हा साबण अंगाला मऊ लागतो. खरूज, नायटा, इसब मात्र याने बरे होत नाहीत, आणि तसं सांगून तो कुणाला देऊ नये. विकायचा विचार असेल तर सौंदर्यप्रसाधन बनवण्याचा परवाना आधी काढावा लागतो.