हर्णैच्या बंदरावर ओलांडलेली रेषा
कॉलेजच्या शॉर्टफिल्मचा ट्रेलर कापायला बसलो आणि बापलेकाचं भांडणच बिनसलं. हर्णै बंदरावर बापाचा क्लोजअप झाल्यावर, मुलाच्या मागे सुवर्णदुर्ग हवाच म्हणून मी कॅमेरा पलीकडे नेला होता. १८० अंशांची रेषा, म्हणजे समोरासमोरच्या दोघांना जोडणारी काल्पनिक रेषा, जिच्या एकाच बाजूला कॅमेरा ठेवायचा असतो, तीच ओलांडली! दोघंही उजवीकडेच बघतायत, जणू एकाच होडीची वाट पाहतायत. शॉट आरशातल्यासारखा फ्लिप केला, तर होडीवरचा नंबर उलटा. शेवटी जाळं शिवणाऱ्या हातांचा शॉट सापडला, तोही फोकस तपासायला घेतलेला. तो मध्ये टाकला आणि पुढच्या दृश्यातला मासळीच्या लिलावाचा ओरडा चित्राच्या १२ फ्रेम आधी सुरू केला. सेकंदाला २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर जेमतेम अर्धा सेकंद, पण उडी जाणवेना. वाऱ्याची घरघर मात्र अजून छळतेय.