भाजीच्या वेलांना आधार देताना या चुका टाळा

वाळवी लागू नये म्हणून बांबूच्या बुडाला जळकं ऑइल फासायचं, हा सल्ला कोण पसरवतं कळत नाही, पण दर पावसाळ्याआधी तो फिरतो आणि मला चीड येते. त्या ऑइलमध्ये इंजिनाच्या झिजेतले धातू असतात, जळणातून तयार झालेली विषारी संयुगं असतात. जमिनीत हे वाईटच, कुंडीत तर विचारूच नका. आमच्या शेजारच्या गच्चीवर असे बांबू दोडक्याला लावले होते. पाणी घातलं की मातीवर तेलाचा तवंग यायचा. शेवटी वेल उपटावे लागले आणि वर्षभर पालापाचोळा कुजवून केलेली माती टाकून द्यावी लागली. कशासाठी? एका बांबूचे पैसे वाचावेत म्हणून!

मी बांबूला काहीही लावत नाही. फक्त जून, तीन वर्षांपुढचा बघून घेतो. कोवळ्यात पिष्ट जास्त, त्याला भुंगेरे लगेच पोखरतात. बूड कुजलं की तेवढं कापायचं आणि उरलेला पुन्हा रोवायचा.

खोक्यांच्या फळ्या फुकट मिळतात म्हणून उचलू नका, आधी शिक्का बघा. ‘एचटी’ म्हणजे उष्णता दिलेलं लाकूड, ते चालेल. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी, ते नको. शिक्काच नसेल तर मी घेत नाही.

जुन्या खिडकीचे रंगाचे पोपडे सुटलेले गज नकोत, जुन्या रंगात शिसं असू शकतं. कण्हेरीच्या काठ्याही नकोत, ते झाड मुळापासून शेंड्यापर्यंत विषारी आहे.

नायलॉनची बारीक जाळी जमिनीपर्यंत सोडू नका. गावाकडे काकडीच्या जाळीत एक धामण अडकली होती. सुटायला धडपडेल तसा दोरा तिच्या खवल्यांत रुतत गेला. सर्पमित्राने कात्रीने एकेक धागा कापला तेव्हा ती सुटली. उंदीर खाणारा हा प्राणी आपल्याच बागेचा राखणदार. मी सुतळीच वापरतो, वीतभर मोठी घरं ठेवून. हंगाम संपला की वेलासकट कापून खतात टाकता येते.

बांधायला तार नको. जुन्या सुती कापडाची पट्टी घ्या, खोड आणि काठी यांच्यामध्ये आठच्या आकड्यासारखा सैल वेढा द्या. आणि काठी रोपासोबतच रोवा. वेल आडवा पडल्यावर घाईघाईने काठी खुपसणारे मुळं तोडतात, मग रोप सुकलं म्हणून खत विचारत फिरतात.