टी-आरएनएचं उत्तर लिहिताय? या चुका टाळा

कुडाळात बारावीला जीवशास्त्र शिकवतो. टी-आरएनए म्हणजे प्रथिन बनताना अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनाचे मणी, वाहून आणणारा रेणू. दर पावसाळ्यात पोरं नवी येतात, त्याच्यावरच्या उत्तरातल्या चुका त्याच.

सगळ्यात वात आणते ती दिशेची चूक. कोडॉन (निरोप्या एम-आरएनएवरचा तीन अक्षरी शब्द) एयूजी, मग अँटिकोडॉन (त्याला जुळणारी टी-आरएनएवरची तीन अक्षरं) यूएसी, असं धाडकन लिहून मोकळे! जोड्या बरोबर आहेत, पण दोन धागे उलट दिशांनी धावतात, त्याचं काय? धाग्याच्या दोन टोकांना पाच-प्राइम आणि तीन-प्राइम म्हणतात. कोडॉन पाच-प्राइमकडून वाचलात, तर समोरचा यूएसी तीन-प्राइमकडून सुरू होतो. नेहमीसारखा पाच-प्राइमपासून लिहायचा तर तो सीएयू. आता कबुली देतो. एका सराव परीक्षेत मीच पर्यायांत यूएसी आणि सीएयू दोन्ही टाकले, टोकं दिलीच नाहीत, वर सीएयूवर खूण करणाऱ्या मुलीचा मार्क कापला. दुसऱ्या दिवशी ती मालवणच्या एसटीतून उतरली ती थेट माझ्या टेबलापाशी, छत्री निथळतेय, आणि रागात घरची बोली तोंडून निसटली : "सर, प्रश्नात टोकां खंय आसत?" मार्क परत दिला, भर वर्गात. तेव्हापासून फळ्यावर आधी टोकं, तीही लाल खडूने, मग अक्षरं. "ए-यू, जी-सी, झालं" हा शॉर्टकट शिकून आलेल्यांना माझ्याकडे शून्य.

दुसरी लाडकी चूक रायबोसोमची, म्हणजे पेशीत प्रथिन जोडणाऱ्या यंत्राची : "रायबोसोम अमिनो आम्ल तपासून घेतो." कुठला तपासतोय! पेटीवर 'हापूस' चिकटवून आत पायरी भरलात, तर पेटी न उघडणारं गिऱ्हाईक हापूसचेच पैसे मोजतं. रायबोसोम तसलंच गिऱ्हाईक. तो अँटिकोडॉनचं लेबल बघतो. 1962 साली हे प्रयोगात दिसलं. सिस्टीनच्या टी-आरएनएवर बसलेल्या सिस्टीनचं निकेल वापरून अलानीन केलं, आणि रायबोसोमने ते मुकाट सिस्टीनच्या जागी बसवलं. खरी जबाबदारी पेटी भरणाऱ्याची, म्हणजे अमिनोअसिल टी-आरएनए सिंथेटेज या विकराची. तो एटीपी, म्हणजे पेशीतलं ऊर्जेचं चलन, खर्चून भरतो. आयसोल्युसीनच्या पेटीत व्हॅलीन शिरलंच, तर काढूनही टाकतो. पोरं नेमकं याचंच नाव गाळतात, लांब आहे म्हणून.

अमिनो आम्ल अँटिकोडॉनला चिकटवू नका. ते दुसऱ्या टोकाला, तीन-प्राइमच्या सीसीए या अक्षरांवर बसतं.

थांबा-कोडॉनला, म्हणजे 'प्रथिन इथे संपलं' सांगणाऱ्या कोडॉनला, टी-आरएनए नसतो. तिथे तयार साखळी सोडवणारा रिलीज फॅक्टर येतो.

अमिनो आम्लांचे 61 कोडॉन म्हणून 61 टी-आरएनए हा हिशेब घाईचा. कोडॉनच्या तिसऱ्या अक्षराला जरा ढिलाई असते, शास्त्रज्ञ फ्रान्सिस क्रिकने 1966 मध्ये मांडलेली 'वॉबल' ती हीच. अँटिकोडॉनमधला इनोसीन (नेहमीच्या चार अक्षरांबाहेरचं एक अक्षर) एकटा यू, सी आणि ए तिघांशी जुळवून घेतो.

आकृती क्लोव्हरच्या पानाचीच काढा, मार्क तिलाच आहेत. पण "पेशीत आकार कसा?" असं विचारलं तर पान सांगू नका, घडी पडून टी-आरएनए इंग्रजी एलसारखा होतो.