स्कॅनरवर अमेरिकेतल्या मालगाड्या कशा ऐकायच्या

साधा ॲनालॉग स्कॅनर (वायरलेसवरचं बोलणं ऐकायचा रेडिओ) घ्या, महागडा डिजिटल लागत नाही कारण बहुतेक रेल्वे अजून वायरलेसवर ॲनालॉग एफएम पद्धतीनेच बोलतात. १६०.२१५ ते १६१.५६५ मेगाहर्ट्झ एवढा पट्टा सर्चला लावा, जिथे आवाज सापडेल तो चॅनल सेव्ह करा. सोबतच्या आखूड अँटेनापेक्षा व्हीएचएफची (म्हणजे याच पट्ट्यासाठीची) लांब अँटेना लावली की खूप फरक पडतो.

सगळ्यात मजा डिटेक्टरची! रुळाशेजारचं हे मशीन गाडी गेली की स्वतःच बोलतं, कितव्या मैलावर, चाकाचं बेअरिंग तापलंय का, एकूण ॲक्सल (चाकांच्या जोडीचा दांडा) किती, आणि ते ऐकू आलं म्हणजे गाडी जवळपास आहे, कॅमेरा काढा. डिस्पॅचर (कंट्रोल रूममधून गाड्यांना सूचना देणारा) आणि गाडीवाले यांच्या बोलण्यातली मात्र कधीकधी नुसती एकच बाजू ऐकू येते. काही राज्यांत आपल्या कारमध्ये स्कॅनर ठेवण्यावर बंधनं आहेत, आधी नियम बघाच.