सिम्पायला पहिला पॅच पाठवताय? या चुका टाळा

गूगल समर ऑफ कोड ही मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पांत काम करायची गूगलची योजना. तिचे अर्ज साधारण मार्च-एप्रिलमध्ये भरायचे असतात. तोवर बरीच मुलं नुसतं प्रपोजलच सजवत बसतात. सिम्पाय ही चलांची गणितं सोडवणारी पायथनची लायब्ररी. तिच्यासारख्या प्रकल्पात अर्जाआधी निदान एक पॅच, म्हणजे कोडमधला छोटा बदल, दिलेला असावा अशी अट असते, आणि माझ्या मते ती अगदी रास्त आहे. वीस पानी प्रपोजलमधून जे कळत नाही, ते दहा ओळींच्या पॅचमधून कळतं.

सगळ्यात महागात पडते ती गणिताची चूक. सिम्पायमध्ये एक्सच्या वर्गाचं वर्गमूळ काढायला सांगितलं, तर उत्तर एक्स येत नाही, राशी तशीच राहते. नवख्याला हा बग वाटतो आणि तो 'दुरुस्त' करायला धावतो. पण एक्सची किंमत -३ घेऊन बघा: वर्ग ९, वर्गमूळ ३. एक्स कुठे आला? चलाबद्दल काही सांगितलं नसेल तर सिम्पाय त्याला कॉम्प्लेक्स संख्या धरतं. तो वास्तव आहे असं सांगा, केवल मूल्य मिळेल. धन आहे असं सांगा, मग एक्स मिळेल. चुकीचं उत्तर देण्यापेक्षा राशी न सोडवलेली बरी, कारण त्या उत्तरावर कुणीतरी पुढचं संशोधन उभं करणार असतं. म्हणून कोडला हात लावण्याआधी ऋण, शून्य आणि कॉम्प्लेक्स किमती कागदावर तपासा.

टेस्ट (आपला बदल तपासणारा कोड) लिहिताना १/३ टाईप केलं, तर सिम्पायपर्यंत पोचण्याआधीच पायथन त्याचा ०.३३३३ असा फ्लोट (अंदाजे दशांश) करून टाकतो. तिथे सिम्पायचा रॅशनल (नेमका अपूर्णांक) वापरा. दोन राशी समान आहेत का हे दुहेरी बरोबर चिन्हाने (==) पाहू नका, ते फक्त मांडणी ताडून बघतं. कंस सोडवलेली आणि न सोडवलेली राशी त्याला वेगळी वाटते. वजाबाकी करून सिम्प्लिफाय करा, शून्य येतं का बघा.

प्रकल्पात नोंदवलेल्या अडचणीवर, म्हणजे इश्यूवर, 'हा इश्यू मला द्या' अशी कमेंट टाकून थांबू नका. आधी कुणी त्यावर पुल रिक्वेस्ट (बदल मूळ कोडमध्ये घ्या अशी विनंती) उघडलीय का ते बघा, नसेल तर सरळ कामाला लागा. मास्टरवर (कोडच्या मुख्य शाखेवर) नाही, वेगळ्या ब्रँचवर (शाखेवर).

आणि कोड बरोबर असूनही पुल रिक्वेस्टवरची आपोआप होणारी तपासणी लाल दिसत असेल, तर मेलमॅप (योगदान देणाऱ्यांच्या नाव-ईमेलची) फाईल उघडा. नव्या माणसाचं नाव आणि ईमेल तिथे नसेल तर तपासणी अडते. गिटमध्ये (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) जे नाव-ईमेल आहे, तेच तिथे घाला.