106 ग्रॅममधून 152 ग्रॅम सोरा

नववीत विद्राव्यतेची, म्हणजे ठरावीक तापमानाला 100 ग्रॅम पाण्यात एखादा पदार्थ जास्तीत जास्त किती ग्रॅम विरघळतो याची, व्याख्या मला झोपेतून उठवून विचारली तरी घडाघडा आली असती. गणिताने मात्र असं पाडलं की अजून आठवलं तरी कान गरम होतात.

सोऱ्याची, म्हणजे पोटॅशियम नायट्रेटची, विद्राव्यता 60 अंशाला 106 आणि 20 अंशाला 32. 60 अंशाचं 206 ग्रॅम संपृक्त, म्हणजे आणखी सोरा मावणार नाही असं, द्रावण 20 अंशापर्यंत थंड केलं, तर किती सोरा खाली बसेल? मी 106 मधून 32 वजा केले, आलेल्या 74 ला 206 ने गुणलं, शंभराने भागलं आणि 152.44 लिहून खाली दुहेरी रेघ मारली. त्या द्रावणात मुळात सोराच 106 ग्रॅम होता!

क्लासमध्ये मिळालेलं 'फरक गुणिले वस्तुमान भागिले शंभर' हे सूत्र मी वापरलं होतं. वस्तुमान कशाचं, हे ना सरांनी सांगितलं ना मी विचारलं. असली सूत्रं वहीत उतरवूच नका, सरळ सांगतो.

विद्राव्यतेतले ते शंभर ग्रॅम पाण्याचे असतात, द्रावणाचे नाही. 206 ग्रॅम द्रावण म्हणजे 100 पाणी आणि 106 सोरा. थंड झाल्यावर पाणी तेवढंच राहतं, त्यात 32 ग्रॅम सोरा टिकतो, उरलेला 74 ग्रॅम खाली बसतो. गोंधळ होतो, कारण त्याच धड्यातली वस्तुमान टक्केवारी मात्र शंभर ग्रॅम द्रावणावर असते. 20 अंशाला 100 ग्रॅम पाण्यात 36 ग्रॅम मीठ विरघळतं, म्हणून ते द्रावण 36 टक्के होत नाही. भागायचं 136 ने, उत्तर साधारण 26.5. गणित सुरू करण्याआधी समासात 'पाणी किती?' एवढं लिहा.

बाकी धडा सोपा आहे, उगाच धास्ती घेऊ नका. फक्त संपृक्त म्हणजे दाट असं धरू नका. चुन्याची निवळी संपृक्त असते, पण तिच्या 100 ग्रॅम पाण्यात पाव ग्रॅमही चुना नसतो. वर ती तापवली तर आणखी कमी मावतो.

आणि प्रयोगशाळेत सोरा मिळाला तर गरम संपृक्त द्रावणाची परीक्षानळी नळाच्या धारेखाली धरून बघा. आत सुयांसारखे स्फटिक फुटायला लागतात. ते मी पाहिलं बारावीत, तीन वर्षं उशिरा.