सभेला जाताना वही न्या: पुढाऱ्याचं बोलणं आणि हातवारे कसे ओळखायचे

सभा जिल्हा परिषद सर्कलची असो की लोकसभेची, परत येताना माणसाजवळ दोन-चार वाक्यं असतात आणि थोडं भारावलेपण. भारावलेपण दुसऱ्या दिवशी वावरात गेलं की उतरतं. वाक्यं मात्र पाच वर्षं तोंडात राहतात, आणि तीही आपल्याच मनाने बदललेली. म्हणून आधी एक वही घ्या. पानावर तीन रकाने आखा: पहिल्यात पुढाऱ्याचं वाक्य जसंच्या तसं, दुसऱ्यात त्यातलं क्रियापद, तिसऱ्यात "कोण, किती, कधी". तासाभराच्या भाषणातली दहा-बारा वाक्यं पुरेत, सगळं टिपायला गेलं की ऐकणं सुटतं. इथे होणारी नेहमीची चूक म्हणजे आपल्या शब्दांत लिहिणं. "भाऊ पाणी आणतो म्हणाले" असं आपण लिहितो, आणि भाऊ म्हणालेले असतात "पाणी येईल". आणणाऱ्याला जाब विचारता येतो. येणाऱ्या पाण्याला कोण विचारणार?

आपण, आम्ही आणि "राहून गेलं"

मराठीत ऐकणाऱ्याला सोबत घेणारं "आपण" वेगळं आणि त्याला बाहेर ठेवणारं "आम्ही" वेगळं. मुरलेला वक्ता ही दोन्ही फार जपून वापरतो. एकाच भाषणातली अशी तीन वाक्यं शेजारी ठेवून पाहा:

"आम्ही सर्कलमधले सगळे पांदण रस्ते केले."
"आपण सगळे मिळून ही लढाई लढतोय."
"पुलाचं काम मात्र रखडलं."

झालेल्या कामाला "आम्ही" आहे, म्हणजे श्रेय मंचावर. कष्टाला "आपण" आहे, म्हणजे ओझं सगळ्यांच्या डोक्यावर. न झालेल्या कामाला कर्ताच नाही. रखडलं, अडकलं, राहून गेलं, निधी परत गेला, विलंब झाला ही सगळी आपोआप घडणारी क्रियापदं. ती ऐकू आली की वहीत शेजारी लिहा: कोणी रखडवलं? विदर्भातल्या गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन १९८८ साली झालं, तेव्हाचा अंदाज साधारण ३७२ कोटी रुपयांचा होता, आणि पुढे खर्च हजारो कोटींवर गेला. एवढ्या वर्षांत या धरणावर झालेल्या भाषणांत "विलंब झाला" हेच क्रियापद ऐकू येत राहिलं, आणि वाट पाहणारा धानवाला कास्तकार मात्र तिथेच राहिला.

भविष्यकाळाचंही तसंच. "करू", "करणार", "करून दाखवू" यांत निदान करणारा दिसतो. "प्रयत्न राहील", "पाठपुरावा सुरू आहे", "सकारात्मक आहोत" यांत काम कुठेच नाही. सर्वांत फसवा शब्द "मंजूर". सरकारी कामाच्या पायऱ्या ओळीने असतात: घोषणा, अर्थसंकल्पात तरतूद, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश (काम सुरू करा असं सांगणारा), मग प्रत्यक्ष काम. प्रशासकीय मान्यता मिळाली तरी "मंजूर" म्हणतात आणि कार्यारंभ आदेश निघाला तरी "मंजूर"च म्हणतात. या दोहोंत कित्येकदा वर्षं जातात. म्हणून "मंजूर" ऐकलं की विचारा: कोणती मान्यता, आदेश कोणत्या तारखेचा?

एका शब्दामागे काय दडतं

२०१७ च्या जून महिन्यात राज्यात शेतकरी कर्जमाफीची घोषणा झाली तेव्हा तीन शब्द एकत्र आले: सरसकट, तत्त्वतः, निकष. गावागावांत "सरसकट" पोचला, बाकीचे दोन वाटेतच राहिले. प्रत्यक्षात त्या योजनेत दीड लाखाची मर्यादा आली. २०१९ च्या योजनेत मर्यादा दोन लाख होती, आणि पीककर्ज १ एप्रिल २०१५ ते ३१ मार्च २०१९ या काळातलं असावं लागत होतं. वाक्यातलं मोठं विशेषण टाळी घेतं आणि लहान क्रियाविशेषण अर्थ ठरवतं. वक्त्याचा आवाजही तसाच चालतो: "सरसकट" ताणून, "तत्त्वतः" घाईने. घाईत गेलेला शब्द आधी टिपा.

"दीडपट हमीभाव" हे तर नीट उलगडूनच पाहायला हवं. २०२५-२६ साठी केंद्राने सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये ठरवला. धरलेला उत्पादन खर्च ३,५५२ रुपये. भागून पाहा, बरोबर दीडपट येतो, म्हणजे वाक्य खोटं नाही. पण या खर्चात बियाणं, खत, फवारणी, मजुरी आणि घरच्यांचे कष्ट धरले आहेत. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलावरचं व्याज त्यात नाही. ते धरणारा दुसरा हिशोब आहे, त्याला सी-टू म्हणतात, आणि त्यावर दीडपट काढला की आकडा बराच वर जातो. म्हणून प्रश्न असा विचारायचा: "दीडपट कोणत्या खर्चाच्या?" दुसरा प्रश्न खरेदीचा. भाव जाहीर होणं वेगळं आणि केंद्रावर माल घेतला जाणं वेगळं. सोयाबीनमध्ये ओलावा १२ टक्क्यांहून जास्त नको अशी अट असते, खरेदी केंद्र उशिरा उघडतं, आणि तोवर गरजवंताचा माल व्यापाऱ्याकडे गेलेला असतो. "भाव देणार" म्हणणाऱ्याला विचारा, आपल्या तालुक्याचं केंद्र कोणत्या तारखेला उघडणार?

बोली आणि नमन

भाषणाची सुरुवात बहुधा नमनाने होते. अमरावतीकडे गाडगेबाबा, तुकडोजी महाराज आणि पंजाबराव देशमुख, सिंदखेडराजा भागात जिजाऊ, वर्ध्यात गांधी-विनोबा, पुसदकडे वसंतराव नाईक. यात वाईट काही नाही, ती आपली माणसं आहेत. फक्त एवढं बघा की नमनात घेतलेलं नाव पुढे कोणत्या कामाशी जोडलं जातं. गाडगेबाबांचं नाव घेऊन गावाच्या स्वच्छतेसाठी किती पैसे दिले हे सांगितलं, तर ते नाव कारणी लागलं.

वऱ्हाडीचंही असंच. "काऊन बापा, माह्या कास्तकाराचं पोट्टं काऊन मांगं राहावं?" असं मंचावरून आलं की अंगावर काटा येतो, आणि तो यायलाही हवा, बोली आपली आहे. पण वक्ता बोली कधी सोडतो ते टिपा. दुःख, राग, थट्टा वऱ्हाडीत आणि आकड्यांची वेळ आली की "सदर प्रकरणी शासन स्तरावर कार्यवाही प्रस्तावित आहे", असं झालं की समजा, जिथे तुम्हाला समजायला हवं होतं तिथेच भाषा अवघड केली गेली. तेच वाक्य वऱ्हाडीत सांगायला लावा.

हात, डोळे, टाळी

ब्रिटिश अभ्यासक मॅक्स अॅटकिन्सन यांनी १९८० च्या दशकात सभांच्या ध्वनिफिती बारकाईने तपासल्या. टाळ्या आपसूक पडत नाहीत, वक्ता त्यांची जागा तयार करतो, असं त्यांना दिसलं. मुख्य युक्त्या दोन: तीन गोष्टींची माळ आणि एकमेकींविरुद्ध ठेवलेल्या दोन गोष्टींची जोडी. चांगली जमलेली टाळी साधारण आठ सेकंद चालते. आपल्याकडची माळ अशी: "शेताला पाणी, पंपाला दिवसा वीज, मालाला भाव!" पहिल्याला तर्जनी वर, दुसऱ्याला दोन बोटं, तिसऱ्याला आवाज चढून मूठ खाली, आणि लगेच शांतता. ती शांतता म्हणजे टाळीची खूण. आता वहीत बघा: तिन्हीत क्रियापद नाही. पाणी आणतो, देतो, मागतो, की नुसतं आठवतो?

हात वर करायला लावणं हे आणखी वरचं. "ज्यांना हे पटतं त्यांनी हात वर करा" म्हटलं की शेजाऱ्यांसमोर हात वर जातो, आणि चारचौघांत एकदा हात वर केला की माणूस पुढेही त्याच बाजूने बोलत राहतो. हात खाली ठेवणं हा तुमचा हक्क आहे.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे: संवादात ९३ टक्के वाटा देहबोलीचा आणि स्वराचा. हा आकडा अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या प्रयोगांतून आला. त्यांत सुटे शब्द आणि त्यांमागची आवड-नावड एवढंच तपासलं होतं. भाषणाला तो लावता येत नाही. आणि नाक खाजवलं, नजर चुकवली म्हणून माणूस खोटं बोलतोय असंही ठरत नाही. खोटं ओळखण्यावरचे शेकडो अभ्यास एकत्र केले तेव्हा माणसांचं बरोबर येण्याचं प्रमाण ५४ टक्क्यांच्या आसपास निघालं, म्हणजे नाणं उडवण्यापेक्षा जेमतेम जास्त. त्यात मे महिन्यात मांडवाखाली कोणाला घाम येत नाही? देहबोलीवरून खरं-खोटं ठरवू नका, वक्त्याला जोर कुठे द्यायचा आहे तेवढं ओळखा. पहिली तीन-चार मिनिटं त्याची नेहमीची ढब पाहा, आणि पुढे ती कोणत्या वाक्याला बदलली ते लिहा.

मोबाइलवर भाषण असेल तर पाच मिनिटांचा तुकडा तीनदा घ्या. पहिल्यांदा आवाज बंद करून फक्त हात आणि चेहरा. दुसऱ्यांदा पडदा उलटा ठेवून फक्त आवाज. तिसऱ्यांदा शब्द लिहून काढायचे. सुरुवात आवडत्या पुढाऱ्यापासून करा, कारण विरोधकाचं भाषण सगळेच बारकाईने तपासतात. व्हॉट्सअॅपवरचा तीस सेकंदांचा तुकडा यासाठी कामाचा नाही, त्याच्या आधीचं वाक्य कापलेलं असू शकतं.

प्रश्न विचारताना

एकच प्रश्न, त्यात एक आकडा किंवा एक तारीख. दोन प्रश्न विचारले की सोप्याचं उत्तर मिळतं. "तुमचा प्रश्न महत्त्वाचा आहे, पण त्याआधी..." आलं की उत्तर वळलं असं समजा, आणि उभं राहूनच तोच प्रश्न त्याच शब्दांत पुन्हा विचारा. कधी पुढारी खाली उतरून खांद्यावर हात ठेवतो, "काका, नंतर भेटा ना" म्हणतो. तो हात प्रेमाचा असेलही, पण तेवढ्यात चारचौघांचा प्रश्न दोघांपुरता होतो. "इथेच सांगा भाऊ, सगळ्यांनाच ऐकायचं आहे" एवढं आदराने म्हणा.

तिसरा रकाना कोरा राहिला तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. "काम का झालं नाही" असं विचारू नका, कारण कार्यालय फक्त कागद देतं. "अमुक पुलाच्या प्रशासकीय मान्यतेचा आणि कार्यारंभ आदेशाचा क्रमांक, दिनांक व प्रत मिळावी" असं लिहा. ३० दिवसांत उत्तर यायला हवं. आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करा. उत्तर आलं की त्याची प्रत वहीत त्याच वाक्यासमोर चिकटवा, आणि पुढच्या सभेला तीच वही घेऊन पहिल्या रांगेत बसा.